वंदनाताईचा लाईट

वंदनाताई,

तू गेलीस त्याच आठवड्यात मी दुकान उघडलं. खालचे कापडवाले काका जिन्यात भेटले. म्हणाले, "इतक्या लवकर?" मी म्हटलं, "ताई असती तर काल काहून नाही उघडलं म्हणून ओरडली असती." ते हसले आणि मग आपण हसलो म्हणून ओशाळले. मला मात्र ओशाळावंसं वाटलं नाही. वर आले, कूलरमध्ये पाणी भरलं, कॉम्प्युटर लावला आणि साखरपुड्याचे जे फोटो अडकून पडले होते ते काढून बसले. मांडवाच्या कापडाचा हिरवा रंग नवरीच्या गालावर उतरला होता. आधी तो हिरवा काढला, मग तिच्या कपाळावर थोडी तांबूस ऊब दिली. हात थांबला तेव्हा तुझा आवाज आला, "अजून जराशी दे वं. लग्न ठरलंय तिचं, आजारी नाही पडली." मी आणखी जराशी दिली. फोटो बरा झाला.

रडायला मला घरी वेळ आहे. दुकानात आपण कधी रडलो नाही, भांडलो. तुझ्या माझ्यात नेमकं नातं काय, असं लोक विचारायचे. बहीण म्हणावं तर रक्ताचं काही नाही, मालकीण म्हणावं तर तूच चिडायचीस. मी सांगायची, आम्ही दोघी एका खोलीत बसून भांडतो आणि त्यातून फोटो निघतात. आता एकटीला भांडता येत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून हे लिहायला बसले.

बर्डीच्या बाजारातल्या तुझ्या जुन्या स्टुडिओत मी आले ती अल्बमची पानं लावायला. कॉम्प्युटर येत होता, फोटोतलं काहीच कळत नव्हतं. तू मला पहिल्याच दिवशी स्टुलावर बसवलंस आणि मोठा लाईट तोंडावर सोडलास.

"काय दिसून राहिलं?"

"काहीच नाही. डोळे दिपले."

"हां. म्हणजे आपण ज्याले लाईट मारतो त्याले कसं वाटते ते समजलं. आता आरशात पाह्य."

तू लाईट माझ्याभोवती फिरवत नेलास. आधी मी मला शाळेतल्या ओळखपत्रावरच्या फोटोसारखी दिसले. मग नाक वाढलं. मग एका बाजूला थांबलीस आणि आरशात माझे बाबा दिसले, त्यांचा तो विचारात पडलेला गाल. आणखी खालून लाईट आणलास तेव्हा मी चोर दिसले. मी हसायला लागले तर म्हणालीस, "हसू नको. तोंड तेच आहे. लाईट हलला की तोंडाचं म्हणणं बदलते. आपलं काम तेवढंच, कोणतं म्हणणं ठेवायचं ते ठरवणं."

मला तेव्हा हे सगळं जरा जास्त वाटलं होतं. पासपोर्ट फोटोला कसलं म्हणणं? पण त्या दिवसापासून मी माणसांशी बोलताना त्यांच्या डोळ्यांतला उजेडाचा ठिपका बघायला लागले. खिडकी कुठे आहे, ट्यूबलाईट कुठे आहे, सगळं त्या ठिपक्यात दिसतं. भाजीवाली, बँकेतला माणूस, माझी सासू, कोणीच सुटलं नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अशी काय टक लावून पाह्यते माह्याकडे?" त्यांना काय सांगणार?

मग तो स्टुडिओचा हॉल सोडावा लागला. मालकाला इमारत पाडून नवी बांधायची होती, त्यात कोणाची चूक नव्हती. आपल्याला मिळाली ती ही पहिल्या मजल्यावरची खोली, मेट्रोच्या खांबाकडे तोंड करून. छत इतकं खाली की लाईटवरची छत्री उघडली तर पंख्याला लागे. लाईट मागे घ्यायला जागाच नाही. गिऱ्हाईक भिंतीला टेकून बसलं तरी लाईट त्याच्या मांडीवर. तू महिनाभर स्टँड इकडून तिकडे सरकवत राहिलीस. शेवटी एका लग्नवाल्या फोटोग्राफरला सगळं देऊन टाकलंस.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "ताई, तू खिडकीपाशी साधा फोटो काढ. लाईट मी नंतर लावते."

"नंतर लावतात त्याले पावडर म्हणतात. उजेड नाही म्हणत."

"करून तर पाहू दे."

"कर. माह्याच तोंडावर कर. दुसऱ्या कोणाचं वाटोळं नको करू."

मी तुझा खिडकीतला सपाट फोटो घेतला आणि दुपारभर त्याच्याशी झगडत बसले. मला वाटलं होतं, एका बाजूला उजळ करायचं, दुसऱ्या बाजूला काळं, झालं. तू चष्मा लावून स्क्रीनपाशी आलीस, बघितलंस आणि खुर्चीवर बसून हसत सुटलीस. "अवं, हे तं पितांबरी लावून घासलेलं भांडं आहे! यात पाणी भरून ठेव."

खरंच तसं होतं. कपाळ, नाक, गाल, हनुवटी सगळं सारखंच चमकत होतं. तू दार लावलंस, खिडकीवर चादर टाकलीस, मोबाईलचा टॉर्च माझ्या हातात दिलास आणि भिंतीवरच्या आरशासमोर उभं केलंस. "लाव. डावीकडून, डोक्याच्या थोडा वर. आता बोट फिरव गालावरून. कुठं उजेड संपते?" मी बोट फिरवलं. उजेड रेघ मारल्यासारखा संपत नव्हता. गालाच्या हाडावर तो वळत होता आणि हळूहळू नाहीसा होत होता. नाकाची सावली ओठांच्या कोपऱ्याकडे उतरत होती. आणि पलीकडच्या, सावलीतल्या गालावर, डोळ्याच्या अगदी खाली उजेडाचा एक लहानसा तिकोन उरला होता.

"तो तिकोन गेला तं डोळा मेला," तू म्हणालीस. "तो ठेवजो."

मग मी उलट्या टोकाकडून सुरुवात केली. आधी पूर्ण चेहरा अंधारात नेला, जणू खोलीत कोणी दिवाच लावलेला नाही. त्याच्यावर वेगळा थर घेतला आणि मऊ ब्रशने जिथे टॉर्चचा उजेड पडला असता तिथेच, एकेक पुसट हात फिरवत अंधार काढत गेले. कपाळाचा उंचवटा, नाकाचा दांडा, गालाचं हाड, खालचा ओठ. केसांवर मागून एक बारीक कड. शेवटी डोळ्यात ठिपका, डावीकडे वर. संध्याकाळी तू परत आलीस आणि चष्मा लावून स्क्रीनपाशी बसलीस. मग पेनाच्या टोपणाने स्क्रीनवर ठोकून म्हणालीस, "कान. कान इतका उजेडात कसा? तो मागं आहे नं?"

कान मागे घेतला. तू उठून चहा सांगायला गेलीस. 'चांगलं' म्हणाली नाहीस, पण चहाबरोबर आलूबोंडेही आले, त्यावरून मी समजले.

त्यानंतर आपली पद्धतच पडली. तू फोटो काढायचीस, मी लाईट लावायची, आणि तू शेजारी बसून टोपणाने स्क्रीन ठोकायचीस. माऊसला तू कधी हात लावला नाहीस. स्क्रीनवर मात्र तुझ्या टोपणाचे इतके ओरखडे आहेत की नवा फोटो उघडला की आधी मला त्या माणसाला खरचटल्यासारखं वाटतं.

हिंगण्याच्या कंपनीचं काम आलं ते याच जोरावर. त्यांना आपल्या सगळ्या जुन्या कामगारांचे मोठे फोटो ऑफिसच्या खोल्यांमधल्या गल्लीत लावायचे होते. साहेबाने आधीच सांगितलं, आत वायरी, फ्लॅश काही चालणार नाही, आणि माणसं पाळी बदलताना भेटतील तेवढीच. तू म्हणालीस, "चालते." बाहेर आल्यावर मी विचारलं, "चालते कसं? वर नुसत्या ट्यूबलाईटा आहेत. सगळे आजारी दिसतील." तर म्हणालीस, "मग तू काहून आहेस?"

तेव्हाचा तुझा चेहरा मला अजून दिसतो. लाईट देऊन टाकल्यापासून तू पहिल्यांदाच इतकी बिनधास्त दिसत होतीस. माझ्या भरवशावर तू काम घेतलं होतंस.

कँटीनच्या भिंतीजवळ एक स्टूल ठेवून तू माणसं बसवत गेलीस. कंपनीची बस दारात भोंगा वाजवत होती, मोटारसायकलवाले चावी बोटात फिरवत उभे होते. प्रत्येकाला तू एकच प्रश्न विचारत होतीस, "घरी पोचल्यावर आधी काय करता?" कोणी म्हणे आंघोळ, कोणी म्हणे म्हैस, एकजण म्हणाला, "बायकोले सांगतो आलो म्हणून." आणि ते सांगताना चेहरा जिकडे वळे तिकडेच तू फोटो घ्यायचीस. म्हणून ते फोटो सपाट असले तरी मेलेले नव्हते. मला त्यांच्यावर फक्त लाईट लावायचा होता, जीव तू आधीच घालून ठेवला होतास.

त्यांत कुसुमबाई होत्या. पॅकिंगच्या लाईनच्या प्रमुख, आवाज असा की मशीनच्या घरघरीतही ऐकू यावा. लहानपणी उकळतं दूध सांडून त्यांचा डावा गाल भाजला होता, कानापासून हनुवटीपर्यंत कातडी आवळलेली. मी त्यांना लाईट उजवीकडून दिला. डावा गाल सावलीत गेला, डोळ्याखाली तिकोन राहिला, चेहरा भारदस्त दिसायला लागला. मला तो फोटो फार आवडला होता.

तू टोपण ठोकलंस. "हा लाईट कोणत्या बाजूनं आहे?"

"उजवीकडून."

"बाकी सगळ्यांले डावीकडून दिला. इलेच उजवीकडून काहून?"

"ताई, तुला दिसतंय काहून ते."

"तेच म्हणते. मलेही दिसते अन् तिलेही समजेल. तू तिले लपवून राहिली."

"मी लपवत नाही, मी पुसलंही नाही. सावलीत ठेवलं. सावली काय खोटी असते?"

"सावली खोटी नसते. सावली टाकणाऱ्याचं मन पाह्य आधी."

मला राग आला. मी म्हटलं, त्या गल्लीतून रोज शंभर माणसं जाणार, बाईंनी काय रोज स्वतःचा गाल सगळ्यांना दाखवायचा? तू म्हणालीस, चाळीस वर्षं त्याच गालानं ती त्यांच्याशी बोलून राहिली, आज भिंतीवर तिले लाज काहून आणून देते? मी म्हटलं, लाज मी आणत नाही. तू म्हणालीस, मग डावीकडून दे. दोघींचे आवाज इतके वाढले की खालचे काका वर येऊन गेले. शेवटी मी दोन्ही फोटो केले, रागारागाने, पण दोन्हीही मन लावून केले. उजवीकडचा आणि डावीकडचा. तू म्हणालीस, "आता तिलेच बोलाव."

कुसुमबाई सुट्टीच्या दिवशी आल्या, बर्डीतली खरेदी उरकून, हातात दोन पिशव्या. आपण दोघी परीक्षेला बसल्यासारख्या उभ्या होतो. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. आधी म्हणाल्या, "बापा! मी इतकी मोठी बाई आहो का?" मग डावीकडच्या लाईटवाल्यावर बोट ठेवलं.

तू लगेच म्हणालीस, "हा खरा आहे."

"खरा तं आहेच," त्या म्हणाल्या. "खरा मले रोज आरशात दिसते." मग उजवीकडचा उचलला. "कंपनीत हा लावा."

मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी जिंकले होते. तेवढ्यात बाईंनी डावीकडचा फोटो उचलून छातीशी धरला. "अन् हा मले घरी द्या. मोठा करून, काचेचा."

"असं काहून?" तू विचारलंस.

"कंपनीतले लोक दाग पाह्यतात. घरचे मले पाह्यतात. माहा नातू तं याच गालाले पप्पी देते, दुसऱ्याले देत नाही."

पिशव्या उचलून त्या जिना उतरल्या. मग तू म्हणालीस, "पाह्यलं? घरी माहा गेला." मी म्हटलं, "आणि भिंतीवर माझा." त्या दिवसापासून कितीदा तरी हे भांडण आपण पुन्हा काढलं. लाईट लावताना कोणाची बाजू घ्यायची, बघणाऱ्याची की बसणाऱ्याची? तू म्हणायचीस बसणाऱ्याची. मी म्हणायची, बसणारी एक आणि बघणारे हजार. हे भांडण मी जिंकले की हरले, मला आजही सांगता येणार नाही. तुलाही सांगता आलं नसतं, पण तू कबूल केलं नसतंस.

मागच्या वर्षी सॉफ्टवेअरमध्ये ते नवं बटण आलं. चेहरा दिला की लाईट आपोआप लागतो. डावीकडून, उजवीकडून, वरून, पाहिजे तसा. मला वाटलं, झालं, आपलं दुकान उठलं. तू मात्र मजेत होतीस. हिंगण्याचे पाच-सात फोटो त्यात घालायला लावलेस. एकापाठोपाठ एक सगळे चकाचक निघाले. तू ते ओळीने लावून बघितलेस आणि म्हणालीस, "छान आहे. सगळ्यांले एकाच कापडाचा युनिफॉर्म शिवला. मापं कोण घेईल?" मग माझ्या पाठीवर थाप मारलीस. "भिऊ नको. मापं तू घेत जा. शिलाई त्याले करू दे." आता मी तसंच करते. बटणाने लाईट लावते, मग बसून त्याची मापं दुरुस्त करते. भीती तेव्हाच गेली, ताई. ती पुन्हा आली नाही, तू गेल्यावरही नाही.

तुझ्या आजाराबद्दल मी फार लिहिणार नाही. तुला ते आवडलं नसतं. औषधांनी केस गेले तेव्हा तुझ्या मानेवाड्याच्या घरी मी आले आणि तू दारातच म्हणालीस, "फोटो काढ."

"आत्ता?"

"मग काय केस आल्यावर? तेव्हा तं कोणीही काढेल."

गॅलरीत खुर्ची टाकलीस. कॅमेऱ्याच्या नावाने माझ्याकडे फक्त मोबाईल होता. लग्नापासून तुझे हुकूम ऐकत आलेले भाऊजी मागे कुहीच्या तांदळाचं पोतं उचलून आत नेत होते, तुझ्या माहेरून नुकतंच आलेलं. त्यांना ओरडलीस की मागून हलू नका. अंगात ताकद नव्हती पण हुकूम तोच. ढगाळ दिवस होता, उजेड सगळीकडून सारखा, सावली कुठेच नाही. मी म्हटलं, "फार सपाट येईल ताई."

"मग तू काहून आहेस?"

मी फोटो काढला. लॅपटॉप बरोबर होताच. पलंगाजवळ बसून तिथेच लाईट लावायला घेतला. तू उशीला टेकून बघत होतीस. हातात टोपण नव्हतं, म्हणून थर्मामीटरने ठोकत होतीस.

"मेन लाईट डावीकडून."

"लावला."

"हेअर लाईट?"

मी थांबले. "ताई, केस..."

"हेअर लाईट केसांसाठी असते असं कोणी सांगितलं तुले? माणूस मागच्या अंधारातून सुटून पुढं यावा म्हणून असते. लाव. टाळूवर मस्त बसते तो. केसांत अर्धा वाया जाते."

आपण दोघी हसलो. भाऊजी आतून डोकावून गेले. मी तुझ्या डोक्यावर मागून बारीक कड दिली, आणि खरंच, फोटोत तू एकदम पुढे आलीस. नवीन नाणं असावं तसं तुझं डोकं दिसत होतं. मी मग डोळ्यांखालची काळी वर्तुळं थोडी हलकी करायला गेले.

"काय करून राहिली?"

"थोडंसंच."

"परत ने."

"ताई, इतकी थकलेली नाही दिसत तू खरी. ढगामुळे आलंय ते."

"खोटं बोलू नको. परत ने. थकली तं थकली. पण डोळ्यातला ठिपका मोठा कर. थकलेल्याले दिसत नाही असं नाही."

मी वर्तुळं परत आणली आणि ठिपका मोठा केला. गालाखालची सावली तू गडद करायला सांगितलीस, मी हलकी ठेवली, तू चिडलीस, मी गडद केली, मग तुलाच ती जास्त वाटली. असं बराच वेळ चाललं. शेवटी तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "राहू दे आता."

हेच मला समजलं नाही, ताई. राहू दे म्हणजे हा फोटो असाच राहू दे, की आता मी दमले, पुरे कर? मी विचारायला हवं होतं असं नाही म्हणत. तू झोपली होतीस आणि मी लॅपटॉप मिटला. त्यानंतर आपण त्या फोटोबद्दल बोललोच नाही. बोलण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं. तुला बर्डीतला सगळा बाजार ऐकायचा असायचा, कोणतं दुकान बंद झालं, कोणी काय नवं आणलं.

तेरवीच्या आधी अमोल पुण्याहून आलेलाच होता. तुझा मुलगा तुझ्यासारखाच थेट. "मावशी, आईचा एक चांगला फोटो मोठा करून दे. तो पैठणीतला, केस मोकळे आहेत तो." मी पैठणीतला काढला आणि बरोबर गॅलरीतलाही तुझ्या घरी नेला. दोन्ही टेबलावर ठेवले. अमोलने गॅलरीतला बघितला आणि लगेच उलटा केला.

"हा नको. प्लीज. आई अशी नव्हती."

"अमोल, हा तिनं स्वतः करवून घेतला आहे."

"असेल. पण लोक येतील, बघतील. आजारी बाई म्हणून लक्षात राहील त्यांच्या. मला ते नको."

त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. मीही एके काळी हेच बोलले होते, दुकानात, तुझ्याशी, कुसुमबाईंच्या फोटोवरून. पण या वेळी मी हटले नाही. मी त्याला सांगितलं, "पैठणीतल्या फोटोत तुझी आई फोटोग्राफरकडे बघते आहे, तो सांगतो तशी. यात ती स्वतः ठरवून बसली आहे. एकेक लाईट तिनं सांगून लावून घेतला. तिच्या आयुष्यातला हा शेवटचा फोटो आहे जो तिनं केला. मी फक्त ब्रश फिरवला."

अमोलचे डोळे भरले होते, पण तो मान हलवत राहिला, नाही म्हणून. तेव्हा भाऊजी उठले. इतका वेळ ते खिडकीपाशी बसून काही न बोलता ऐकत होते, तुझ्या घरात त्यांची सवयच ती. त्यांनी उलटा ठेवलेला फोटो सरळ केला, हात लांब करून चष्म्यातून बघितला.

"हा काढताना ती कोणावर चिडली होती?"

"माझ्यावर," मी म्हटलं. "आणि थोडी तुमच्यावर. पोतं नेत होता तुम्ही मागून."

"हां." त्यांनी आणखी एकदा बघितलं. "अशीच पाह्यची. चाळीस वर्षं अशीच पाह्यली माह्याकडे." मग अमोलकडे वळून म्हणाले, "तुले नाई ओळखू येत का गा? दहावीच्या निकालाले तुह्याकडे हेच डोळे होते."

अमोल हसला आणि मग रडायला लागला, दोन्ही एकदम. भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "हाच लाव."

तोच लागला. आलेल्या लोकांपैकी काहींनी आधी नजर वळवली, हे मी पाहिलं. पण मग परत वळून बघत. हिंगण्याहून बसने आलेल्या बायका तर फोटोसमोरून लवकर हलल्याच नाहीत. कोणीतरी म्हणालं, "किती तेज आहे." मी मनात म्हटलं, तेज नाही, हेअर लाईट आहे, आणि तो तिनेच सांगितलेला आहे.

मला वाटलं होतं, आता हे सगळं इथे संपेल. पण परवा दुपारी भाऊजी दुकानात आले. एकटे, मेट्रोने. जिना चढून दम लागला होता. पाणी प्यायले आणि खिडकीपाशी बसले. म्हणाले, "आमच्या दोघांचा धड एक फोटो नाही, मीना. एकतर ती काढून राहिलेली, नाहीतर मी पिशव्या धरून. एका फ्रेममध्ये दोघं पाहिजे. हार घालायचा नाही, साधा. हॉलमध्ये ठेवायचा."

"कोणता फोटो घेऊ ताईचा?"

"तोच. चिडलेला."

मी त्यांचा फोटो काढला. स्टँड नाही, छत्री नाही, नुसती खिडकी, चेहरा सपाट. ते सरळ, ताठ बसले होते, शर्टाचं वरचं बटण लावून. म्हटलं, "भाऊजी, लाईट मी नंतर लावीन. तुमचा उजवा गाल जास्त चांगला आहे, तर तिकडून दिला तर..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तिचा लाईट कुठून आहे?"

"डावीकडून."

"मग माहाही डावीकडूनच लाव. नाही तं दोघं येगयेगळ्या घरातले वाटू."

बसणाऱ्याची बाजू की बघणाऱ्याची, असला काही प्रश्नच त्यांच्या मनात नव्हता. ते निघून गेले, मी खुर्ची ओढून बसले, त्यांचा फोटो अंधारात नेला आणि डावीकडून लाईट लावायला सुरुवात केली. कोणाला विचारावं लागलं नाही, ताई. हात आपोआप बरोबर जागी जात होता.